दोन धावांत अकरा यार्ड: जॉनी ब्राइट नावाच्या मुख्याध्यापकाबद्दल

प्रश्न विचारणाऱ्या ताई तीन वर्षांपूर्वी पुण्याहून कॅनडातल्या एडमंटनला आल्या. मुलगा शहराच्या नैर्ऋत्येकडच्या जॉनी ब्राइट शाळेत पाचवीला आहे आणि त्याला शाळेच्या नावामागच्या माणसावर प्रकल्प करायचा आहे. शोधल्यावर कळलं की हा १९५०च्या दशकातला कॅनडाचा नावाजलेला फुटबॉलपटू, मूळचा अमेरिकेचा, चेंडू घेऊन एकूण १०,९०९ यार्ड धावलेला, आणि नंतर इथल्याच शाळांत मुख्याध्यापक. त्यावर ताई विचारतात, "एवढा मोठा खेळाडू होता तर शाळेत नोकरी का करावी लागली? अमेरिका सोडून इकडे आलाच का? आणि ते १०,९०९ यार्ड म्हणजे नक्की किती मोठं काम?"

मी मूळचा सांगलीचा. १९८९ साली इकडे आलो, पोटापाण्यासाठी पाइपलाइनचे नकाशे काढले, आणि गेली सव्वीस वर्षं उन्हाळा सरला की शाळांच्या आणि हौशी संघांच्या फुटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. ब्राइटला मी खेळताना पाहिलेलं नाही. मी आलो तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण ज्या क्लार्क स्टेडियमवर तो खेळला त्या जागेवर मी बऱ्याच थंडीत शिट्टी फुंकली आहे. तेव्हा यार्डांपासूनच सुरू करतो. ते समजले नाहीत तर बाकीचं नुसतं चरित्र होऊन बसेल.

कॅनडाचा फुटबॉल म्हणजे अमेरिकेचाच खेळ थोडा मोठ्या मैदानावर, असं आपल्याकडे सांगतात. इथल्या माणसासमोर तसं म्हणू नका, उगाच अर्धा तास ऐकावं लागेल. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, अमेरिकेत १०० आणि साधारण सव्वात्रेपन्न. इथे एका बाजूला बारा खेळाडू, तिकडे अकरा. पण खरा फरक एकच आहे आणि तो सगळा खेळ बदलतो. दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, इथे तीन. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. तिसऱ्या डाउनला अजून बरंच अंतर बाकी असेल तर शहाणा संघ चेंडू लाथेने लांब मारून देतो, कारण चुकलं तर चेंडू जागच्या जागी समोरच्यांना मिळतो. म्हणजे हातात खरे प्रयत्न दोनच.

आता हे मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. दोन पोरं दोन काठ्या घेऊन उभी असतात आणि काठ्यांमध्ये दहा यार्डांची साखळी असते. शंका आली की ती साखळी आत आणायची, ताणायची, आणि मी गुडघ्यावर बसून चेंडूचं टोक काठीच्या पुढे गेलंय की मागे राहिलंय ते बघायचं. कधीकधी दोन बोटांचा फरक असतो. त्या दोन बोटांसाठी चोवीस माणसं श्वास धरून उभी असतात. सांगलीत कबड्डी खेळताना रेषेला टाचेचा स्पर्श झाला की नाही यावर जी भांडणं व्हायची, तीच इथे साखळीवर होतात.

जॉनी ब्राइटची कॅनडातली कारकीर्द १९५२ ते १९६४. चेंडू घेऊन तो १,९६९ वेळा धावला आणि १०,९०९ यार्ड गेला. भागाकार करा: एका धावेला साडेपाच यार्डांहून किंचित जास्त. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. साडेपाच यार्ड म्हणजे काय, दिवाणखान्याची लांबी! पण दोन धावा केल्या तर अकरा यार्ड होतात, आणि साखळी दहाची आहे. म्हणजे सरासरीने बघितलं तर चेंडू ब्राइटच्या हातात दोनदा द्यायचा, तिसऱ्या प्रयत्नाची वेळच यायची नाही. एका सामन्यात किंवा एका हंगामात असं धावणारे पुष्कळ झाले. तेरा हंगाम ही सरासरी टिकवणं, तेही समोरच्या बाराही जणांना चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असताना, ही वेगळी गोष्ट आहे.

मुलाला सांगायला आणखी एक गंमत आहे. १०,९०९ यार्डांचे मीटर केले तर ९,९७५ होतात. दहा किलोमीटरला पंचवीस मीटर कमी. तेरा वर्षांत दहा किलोमीटर, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा कोणीतरी अंगावर येऊन आदळल्यावर संपलेला. दर साडेपाच यार्डांनी माणूस खाली पडतो, उठतो, परत रांगेत उभा राहतो.

त्याची जागा फुलबॅकची. हा काही वाऱ्यासारखा कडेकडेने पळणारा गडी नसतो. मधल्या गर्दीतून, जिथे दोन्हीकडची धिप्पाड माणसं एकमेकांना रेटत असतात तिथल्या फटीतून घुसणारा असतो. पहिल्या धक्क्याला न पडता पाय चालू ठेवणं हेच त्याचं सगळं कौशल्य. शिवाय त्या काळी एकच माणूस चढाईतही खेळायचा आणि बचावातही. एडमंटनला आल्यावर सुरुवातीचे हंगाम ब्राइट बराच वेळ लाइनबॅकर होता, म्हणजे समोरून घुसणाऱ्याला पाडणारा. पाडण्याचं आणि न पडण्याचं, दोन्ही कामं एकाच शरीराकडून. आजचा प्रशिक्षक असं करायला धजणार नाही.

आता तो इकडे का आला. त्यासाठी २० ऑक्टोबर १९५१ या दिवसाकडे जावं लागतं. मुलगा पाचवीत आहे, तेव्हा किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण हे वगळून प्रकल्प होणार नाही.

ब्राइटचा जन्म १९३० सालचा, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. आयोवातल्या ड्रेक विद्यापीठात शिकत असताना तो धावून आणि फेकून मिळवलेल्या एकूण यार्डांत १९४९ आणि १९५०, दोन्ही वर्षं देशात पहिला होता. १९५१ साली शेवटच्या वर्षात हाइझमन करंडकासाठी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी, त्याचं नाव घेतलं जात होतं. कृष्णवर्णीय खेळाडूच्या बाबतीत त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. त्या ऑक्टोबरात ड्रेकचा सामना ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी तिथल्या ए अँड एम कॉलेजशी होता. आजचं ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ ते हेच. ब्राइटला सामना पुरा खेळू देणार नाहीत अशी कुजबुज गावात आधीपासून होती. ती ऐकूनच डे मॉइन्सच्या वर्तमानपत्राचे दोन छायाचित्रकार, डॉन अल्टांग आणि जॉन रॉबिन्सन, कॅमेरा ब्राइटवर रोखून बसले होते. रीळ वेळेत छापायला पोचवायचं म्हणून सामन्याचा सुरुवातीचा भागच टिपून निघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढा वेळ पुरला. पहिल्या सात मिनिटांत विल्बँक्स स्मिथ नावाच्या बचावपटूने ब्राइटला तीनदा बेशुद्ध पाडलं. शेवटच्या फटक्यात जबडा मोडला.

ती छायाचित्रं मी पंचांच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा पाहिली. एकामागून एक अशी ती मालिका आहे. लोक बघतात तो स्मिथचा हात आणि ब्राइटची मान. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या पंचाने विचारलं होतं, "चेंडू कुठे आहे?" मी शोधला. चेंडू दुसऱ्या माणसाकडे होता आणि तो माणूस केव्हाच दुसरीकडे धावत निघाला होता. ब्राइटने चेंडू देऊन टाकला होता, त्याचं काम संपलं होतं, आणि तो उभा राहून खेळ कुठे चाललाय ते बघत होता. अंगावर कोणी येईल असं त्याच्या उभं राहण्यात कुठेही नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही, जो कोणाला अडवत नाही, त्याच्याकडे स्मिथ सरळ चालून आला आणि कोपर जबड्यावर हाणलं. चेहऱ्यासमोर जाळी नव्हती. तेव्हाच्या शिरस्त्राणांना बहुधा नसायची.

एकाही पंचाने दंड दिला नाही. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून हे वाक्य मला आजही गिळवत नाही. चेंडूमागे सगळ्यांचे डोळे जातात हे खरं, पण म्हणूनच तर एक पंच मागे ठेवलेला असतो. चेंडू गेला तरी तू जाऊ नकोस, हा त्याच्यासाठी पहिला धडा. एकदा चुकलं असं धरून चालू. सात मिनिटांत तीनदा?

आणि त्याच मोडलेल्या जबड्याने ब्राइटने आणखी काही डाव खेळले. त्यात ६१ यार्डांची एक फेक होती, तिच्यावर टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचून गुण मिळाले. मग त्याला बाहेर जावं लागलं. ड्रेक १४-२७ असं हरलं. छायाचित्रं देशभर छापली गेली आणि १९५२ साली त्यांना पुलित्झर मिळालं. संबंधित संघटनेने कारवाई केली नाही म्हणून ड्रेक त्या संघटनेतून बाहेर पडलं, पाठोपाठ ब्रॅडली विद्यापीठही. पुढे महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियमांत बेकायदा अडवणुकीबद्दल आणि चेहऱ्याच्या संरक्षणाबद्दल सुधारणा झाल्या. ओक्लाहोमा स्टेटच्या कुलगुरूंनी ड्रेककडे लेखी माफी मागितली ती २००५ साली. चोपन्न वर्षांनी, आणि ब्राइट जाऊनही तोवर बावीस वर्षं झाली होती.

१९५२ साली फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पहिल्याच फेरीत निवडलं. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या फेरीत निवड म्हणजे आजच्या हिशेबात सात पिढ्यांची ददात मिटली. ब्राइट गेला नाही. त्या संघात तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला असता, आणि लीगमध्ये दक्षिणेकडचे खेळाडू भरपूर होते. आपल्याला तिथे कसं वागवतील याचा भरवसा नव्हता, असं त्याने पुढे सांगितलं. जबडा नुकता सांधला असताना हा भित्रेपणा म्हणायचा की हिशेब? मी हिशेबच म्हणेन. तो कॅलगरी स्टॅम्पीडर्सकडे आला.

कॅनडात भेदभाव नव्हता असा याचा अर्थ लावू नका. इथल्या लोकांना ती गोष्ट सांगायला फार आवडते. चिनी लोकांना या देशात येण्यावर १९२३ पासून जवळजवळ पूर्ण बंदी होती आणि ती उठली १९४७ साली. एडमंटन संघात ब्राइटच्या शेजारी धावणारा नॉर्मी क्वाँग हा कॅलगरीच्या चिनी किराणा दुकानदाराचा मुलगा. बंदी उठली त्याच्या पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने कॅलगरीकडून ग्रे कप जिंकला होता. ग्रे कप म्हणजे इथल्या फुटबॉलचं अंतिम जेतेपद. वर्तमानपत्रांनी क्वाँगला 'चायना क्लिपर' असं टोपणनाव दिलं होतं आणि ते कौतुकाने दिलं होतं, यावरून काय तो अंदाज करा.

पैशाचंही एक कारण होतं, आणि ते आज कोणाला खरं वाटत नाही. १९५०च्या दशकात कॅनडाचे संघ अमेरिकी लीगच्या तोडीस तोड पगार द्यायचे, काही वेळा जास्तच. त्यात बरीच वर्षं कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा थोडा महाग होता. १९५२चा हाइझमन विजेता बिली व्हेसल्स अमेरिकी लीगऐवजी एडमंटनला आला. ईगल्सचा बड ग्रँट विनिपेगला गेला. एका संघात किती अमेरिकी असावेत यावर मर्यादा होती, म्हणून आणायचा तो नामांकितच आणायचा असा संघांचा कल असे. तिकडे टीव्हीचा मोठा पैसा आला तो १९६२ नंतर, आणि तिथून दोन्ही लीगमधली दरी वाढत गेली. ब्राइटची कारकीर्द नेमकी त्या दरीच्या आधीची. आजच्या पगारांच्या चष्म्यातून त्याचा निर्णय बघितला की तो वेडेपणा वाटतो. १९५२ साली तो तसा नव्हता.

कॅलगरीत पहिल्याच हंगामात ८१५ यार्ड, पश्चिमेकडच्या लीगमध्ये सर्वाधिक. मग दुखापती झाल्या, खांदा त्रास देऊ लागला, आणि १९५४च्या हंगामातच कॅलगरीने त्याला एडमंटनला देऊन टाकलं. कॅलगरीकर आजही याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

एडमंटनचा तो संघ म्हणजे दंतकथा. प्रशिक्षक पॉप आयव्ही. संघाचं नाव तेव्हा एस्किमोज. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांना तो शब्द अपमानास्पद वाटतो, म्हणून ते नाव टाकलं गेलं आणि २०२१ पासून संघ एल्क्स झाला. १९५४, १९५५ आणि १९५६, लागोपाठ तीन ग्रे कप, तिन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मॉन्ट्रियल. पहिला २६-२५ असा निसटता. शेवटच्या मिनिटांत मॉन्ट्रियल २५-२० असं पुढे असताना त्यांच्या हातून चेंडू सुटला, एडमंटनच्या जॅकी पार्करने तो उचलला आणि ९० यार्ड पळाला. टचडाउनला तेव्हा पाचच गुण मिळायचे, म्हणजे २५-२५, आणि टचडाउननंतर मिळणाऱ्या किकच्या एका जादा गुणाने सामना जिंकला. सहा गुण मिळायला लागले ते १९५६ पासून. मुलाला जुन्या धावसंख्या बघताना बेरीज जुळली नाही तर कारण हे आहे.

१९५६चा अंतिम सामना मात्र ब्राइटचा. आयव्हीने पार्करला नेहमीच्या जागेवरून हलवलं आणि क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा, म्हणून डॉन गेटी नावाचा तरुण उभा केला. त्याच्या मागून ब्राइट आणि क्वाँग आळीपाळीने मधून घुसत राहिले. ब्राइट १७१ यार्ड धावला, ग्रे कपमधला तोवरचा विक्रम, आणि एडमंटन ५०-२७ असं जिंकलं. हा गेटी पुढे अल्बर्टाचा प्रीमियर झाला, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. क्वाँग २००५ ते २०१० अल्बर्टाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, म्हणजे साधारण राज्यपाल. आणि मुख्याध्यापक झाला ब्राइट. एका रांगेत उभे राहिलेले तीन गडी! हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर अति झालं म्हणून संपादकाने खोडलं असतं.

त्यानंतरची वर्षं म्हणजे ब्राइटचा खरा बहर. १९५७ मध्ये १,६७९ यार्ड, १९५८ मध्ये १,७२२, १९५९ मध्ये १,३४०. तिन्ही वर्षं सगळ्यांत पुढे. १९५८ साली पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे संघ मिळून आजची कॅनडियन फुटबॉल लीग रीतसर सुरू झाली. १९५९ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून शेन्ली पुरस्कार त्याला मिळाला. तो मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो. १९६० आणि १९६१ मध्येही त्याने हजारापलीकडे मजल मारली, मग पाय हळूहळू थकले. १९६४ला थांबला तेव्हा लीगच्या इतिहासात त्याच्याइतकं कोणीच धावलं नव्हतं. तो विक्रम पुढे सस्कॅचेवनच्या जॉर्ज रीडने मोडला.

आता मूळ प्रश्न, नोकरी 'का करावी लागली'. यातला 'लागली' हा शब्द मला खटकतो.

त्या काळचा कॅनडाचा हंगाम साधारण ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. सराव संध्याकाळी, कारण दिवसा बहुतेक खेळाडू कुठे ना कुठे कामाला असत. गेटी एका तेल कंपनीत होता. क्वाँग पुढे शेअर दलाली आणि जागांच्या व्यवहारांत गेला. फुटबॉलचा पगार चांगला होता, पण तो चार-पाच महिन्यांचा, आणि तोही गुडघा शाबूत असेपर्यंतचा. आजच्यासारखी पाच वर्षांत आयुष्याची कमाई हा प्रकार कोणाच्याच डोक्यात नव्हता. म्हणून खेळाडूची कारकीर्द तेव्हा दोन रुळांवर चाले. मुंबईचे जुने कसोटीपटू आठवा. टाटा, एसीसी, बँका, कुठे ना कुठे टेबल असायचं आणि शनिवार-रविवारी ऑफिसच्या संघातून मैदान. फरक एवढाच की आपल्याकडे ती नोकरी बहुधा क्रिकेटमुळे मिळायची आणि तिथे खुर्चीवर कोट लटकवला की काम झालं असंही असायचं. ब्राइटचं तसं नव्हतं. ड्रेकमध्ये त्याने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली होती. शिकवणं हा त्याचा रीतसर शिकलेला धंदा होता, फुटबॉलच्या आधीपासून ठरलेला.

एडमंटनमध्ये तो शिक्षक होता, मुलांचा समुपदेशक होता, शाळेच्या संघांचा प्रशिक्षक होता, आणि मग डी. एस. मॅकेंझी आणि हिलक्रेस्ट या शाळांचा मुख्याध्यापक. १९६२ साली, खेळत असतानाच, त्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. अमेरिकी खेळाडू बहुतेक हंगाम संपला की गाडीत सामान टाकून घरी जायचे. हा गेला नाही, आणि त्याचं कारण मला तरी शाळेत दिसतं. बदली खेळाडू मिळाला की फुटबॉल संघ तुम्हाला सोडतो. वर्गाचं तसं नसतं, तुम्ही सप्टेंबरमध्ये जी मुलं घेता ती जूनपर्यंत तुमचीच.

त्याच्या हाताखाली शिकलेली काही माणसं मला मैदानांवर भेटली आहेत, आता सगळी सत्तरीच्या आसपासची. गंमत म्हणजे ती त्याच्या यार्डांबद्दल बोलत नाहीत. एकाने सांगितलेलं एवढंच लिहितो: वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये पळताना सापडलं की मुख्याध्यापक दोन्ही हात पसरून वाट अडवून उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, आणि पोरगा आपोआप चालायला लागायचा. लाइनबॅकर कुठे जाणार!

आता विक्रमांबद्दल एक सावधगिरी. मूल प्रकल्पात तक्ता करेल: ब्राइट १०,९०९, जॉर्ज रीड १६,११६, नंतरचा माइक प्रिंगल १६,४२५. आणि खाली लिहील की ब्राइट तिसरा. क्वार्टरबॅक डेमन ॲलनही (११,९२०) मोजला तर तो चौथा ठरतो, पण हे आकडे एका तागडीत टाकायचे नाहीत. ब्राइटची सुरुवातीची वर्षं दुखापतीत आणि बचावात गेली. त्याच्या बरोबर त्याच रांगेत क्वाँग होता, ज्याने १९५६ साली १,४३७ यार्ड केले आणि कॅनडात जन्मलेल्या खेळाडूचा तो विक्रम २०१२ पर्यंत टिकला. पार्कर होता, रॉली माइल्स होता. चेंडू एकच आणि दावेदार चार. दुसऱ्या एखाद्या गरीब संघात ब्राइटचे यार्ड नक्की वाढले असते, ग्रे कप मात्र मिळाले नसते. माझं स्वतःचं मत विचाराल तर गर्दीतून घुसण्यात त्याच्या वरचा मला एकच दिसतो, तो रीड, आणि त्यावर क्लबात माझं कायम भांडण होतं.

ब्राइट गेला १४ डिसेंबर १९८३ला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. खेळताना दुखावलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाच्या रुग्णालयात चालू असताना हृदयविकाराचा झटका आला. कॅनडाच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तो १९७० सालीच गेला होता. अमेरिकेच्या महाविद्यालयीन हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते १९८४ साली, मरणोत्तर. ड्रेकने २००६ मध्ये आपल्या मैदानाला त्याचं नाव दिलं. आणि २०१० मध्ये तुमच्या मुलाची शाळा उघडली. इथे खेळाडूंची नावं रस्त्यांना आणि मैदानांना पुष्कळ आहेत, पण वर्गात उभं राहून आयुष्य काढलेल्या खेळाडूचं नाव शाळेला असणं मला जास्त बरोबर वाटतं.

प्रकल्पासाठी तक्त्यापेक्षा एक सुचवतो. तीस फूट दोरी घ्या, दहा यार्ड म्हणजे तेवढेच. दोन्ही टोकांना दोन काठ्या बांधा, मुलाचे दोन मित्र त्या धरतील. मग मोजपट्टीने साडेसोळा फुटांवर जमिनीवर खडूने खूण करा, आणि तिथून पुन्हा साडेसोळा फुटांवर दुसरी. दुसरी खूण काठीच्या तीन फूट पुढे पडेल. पहिल्या खुणेपाशी वर्गातली चार मुलं खांद्याला खांदा लावून उभी करा आणि मुलाला चेंडू छातीशी धरून मधून जायला सांगा. पाय उचलायचे थांबवायचे नाहीत, एवढीच सूचना. बाईंची परवानगी मात्र आधी काढा, आणि गवतावर करा, डांबरावर नको.